दिसावा असा लांडगा

करड्या लांडग्याच्या अंगावर करडा केस शोधायला गेलं तर फारसा सापडत नाही. पाठीवरचा एक लांब केस पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाखाली पाहिला, तर त्यावर फिकट आणि गडद पट्टे आळीपाळीने दिसतात आणि टोक काळं असतं. केस उगवत असताना मुळाशी असलेल्या रंगपेशी काळं रंगद्रव्य बनवता बनवता मध्येच थांबतात, काही काळ पिवळसर रंगद्रव्य बनवतात आणि पुन्हा काळ्याकडे वळतात. हा बदल ज्या जनुकाच्या इशाऱ्यावर होतो त्याचं नाव अगूटी. असे हजारो पट्टेदार केस एकमेकांवर पडले, की थोड्या अंतरावरून आपला डोळा काळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्याची बेरीज करून टाकतो आणि उत्तर देतो: करडा.

हीच बेरीज जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या लांडग्यावर कशी करायची, या प्रश्नात जगभरातली हजारो माणसं संध्याकाळच्या संध्याकाळी बुडून गेलेली असतात. एकेका लांडग्यावर गॉब्लिन, म्हणजे परीकथांतला बुटका दुष्ट जीव, बसवायचा, असे दहा-वीस स्वार तयार करायचे, त्यांच्या जोडीला पायदळ, राक्षस, जादूगार उभे करायचे आणि मग हे सगळं सैन्य टेबलावर मांडून समोरच्याच्या सैन्याशी फासे टाकत लढायचं, असा हा छंद. लढाई दोन-तीन तासांत संपते. रंगकाम महिनोन् महिने चालतं. या खेळातला खरा चमत्कार मला त्या रंगकामातच दिसतो, म्हणून लढाईबद्दल मी कमीच बोलणार आहे.

तरी पार्श्वभूमी थोडी हवी. १८२४ साली प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढे नकाशावर खेळायचा एक युद्धखेळ मांडला गेला आणि तो अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आला. १९१३ साली एच. जी. वेल्स या लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या घरगुती लढाईला नियम घालून दिले. लांडग्यावर स्वार झालेला गॉब्लिन मात्र आला टोल्किनच्या ‘द हॉबिट’मधून, १९३७ साली. त्या कादंबरीतल्या लांडग्यांच्या प्रसंगामागे आपण वाचलेली एस. आर. क्रॉकेटची ‘द ब्लॅक डग्लस’ ही कादंबरी असल्याचं टोल्किनने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि त्यातही गॉब्लिनांचे लांडगे टेबलावर उतरले. त्या खेळात पायी गॉब्लिन एका खेपेला चार इंच चालतो आणि लांडगा नऊ इंच पळतो. दुसरीकडे व्हॅम्पायरांच्या सैन्यात मेलेले, पुन्हा उठवलेले डायर वुल्फ आले. १९८७ मध्ये ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा दूरच्या भविष्यातला भाऊ जन्मला. त्यातल्या स्पेस वुल्व्ज या योद्ध्यांच्या ग्रहाचं नावच फेनरिस आहे, नॉर्स पुराणातल्या फेनरिर या महाकाय लांडग्यावरून घेतलेलं. आज हे बहुतेक पुतळे नॉटिंगहॅम शहरात घडतात. गेम्स वर्कशॉप ही कंपनी तिथलीच, आणि आजूबाजूला लहान-मोठे पुतळेकार इतके, की या छंदातली माणसं त्या परिसराला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. शिसं केव्हाच मागे पडलं, नाव राहिलं.

लांडगा येतो तो सुट्या भागांत. पॉलिस्टायरीन प्लास्टिक वितळवून, प्रचंड दाबाखाली पोलादी साच्यात भरतात. बाहेर पडते ती एक चौकट. तिला स्प्रू म्हणतात, आणि तिच्यावर लांडग्याची डावी बाजू, उजवी बाजू, शेपटी, गॉब्लिनचे हात, भाला असे तुकडे लटकलेले असतात. ते कापायचे, साच्याचे दोन अर्धे भाग जिथे भेटले तिथली बारीक रेघ पात्याने खरवडायची आणि भाग जोडायचे. हा कंटाळवाणा भाग चुकवता येत नाही. राहून गेलेली रेघ रंगाखाली लपत नाही, उलट उठून दिसते, आणि लांडग्याच्या पाठीच्या मधोमध ती रेघ म्हणजे सगळ्या कामावर पाणी. त्यानंतर प्रायमरचा हात, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर पाण्यातला रंग धरत नाही.

आणि इथेच, रंगाची पहिली बाटली उघडण्याआधी, एक गाठ समोर येते. लांडगा रंगवताना मला सगळ्यात अचंबा वाटतो तो या गाठीचा.

अमेरिकेत ॲबट थेयर नावाचा चित्रकार होता. १८९६ साली त्याने ‘द ऑक’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात एक साधं निरीक्षण मांडलं. हरीण, ससा, लांडगा, कितीतरी पक्षी आणि मासे यांची पाठ गडद असते आणि पोट फिकट. सूर्य वरून तळपतो, त्यामुळे कुठल्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळ आणि खालची अंधारी दिसते, आणि या उजेड-सावलीवरूनच आपल्याला वस्तूचा गोलवा कळतो. निसर्गाने रंग बरोबर उलटे लावले. जिथे ऊन पडतं तिथे गडद, जिथे सावली पडते तिथे फिकट. दोन्हींची वजाबाकी झाली की प्राण्याचा गोलवा नाहीसा होतो आणि तो पार्श्वभूमीत विरून जातो. हे पटवून द्यायला थेयरने पक्षितज्ज्ञांपुढे रताळी मांडली होती. तारांवर टेकवलेली रताळी, त्यांतली काही पाठ गडद आणि पोट फिकट अशी रंगवलेली. साधी रताळी लांबून दिसत होती, रंगवलेली दिसेनात. पुढे थेयर आपल्या सिद्धान्ताच्या इतका प्रेमात पडला, की फ्लेमिंगो गुलाबी असतो तो संध्याकाळच्या आकाशात लपण्यासाठी, असंही म्हणू लागला. थिओडोर रूझवेल्टने त्याला त्यावरून चांगलंच धारेवर धरलं. पण पाठ-पोटाचा मूळ मुद्दा टिकला, आणि जीवशास्त्रज्ञ आजही त्यावर काम करतात.

आता पुतळे रंगवणारे काय करतात ते पाहा. प्रायमरचा पहिला हात काळा. मग पांढरा किंवा फिकट करडा रंग फक्त वरून फवारायचा, जणू भर दुपारचा सूर्य डोक्यावर आहे. याला झेनिथल प्रायमिंग म्हणतात. पाठ, कपाळ, कानांची टोकं पांढरी होतात. पोट, मांड्यांमधली जागा आणि जबड्याखालचा भाग काळा राहतो. रंगकाम सुरू होण्याआधीच पुतळ्यावर ऊन पडतं. म्हणजे हे थेयरच्या नेमकं उलट झालं. निसर्ग लांडग्याचा गोलवा पुसत होता. रंगवणारा तोच गोलवा ठळक करतोय. एकाला लांडगा दिसू द्यायचा नाही, दुसऱ्याला तो टेबलाच्या पलीकडून दिसायला हवा आहे.

पण पुतळा तर मुळातच त्रिमिती आहे, खोलीत दिवाही आहे. मग सावल्या रंगवायच्या कशाला? याचं उत्तर डोळ्यात आहे. या खेळातला माणसाचा पुतळा साधारण २८ मिलिमीटर उंच, म्हणजे खऱ्याच्या साठाव्या भागाएवढा. तो हातभर, म्हणजे साठ सेंटिमीटर अंतरावरून पाहिला, तर डोळ्याच्या हिशेबाने खरा माणूस छत्तीस मीटरवरून पाहिल्यासारखा झाला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा लांडगा तर सत्तर-बहात्तर मीटरवर गेला. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखू शकतो. साठ सेंटिमीटरवर तो भरतो मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढा. त्यातही तपशील जितका बारीक, तितका तो दिसायला उजेड-अंधारातला फरक अधिक लागतो. बारीक गोष्टींच्या बाबतीत डोळ्याची फरक टिपण्याची ताकद झपाट्याने घसरते. शिवाय खोलीतला उजेड छतावरून, भिंतींवरून परतून चहूकडून येतो, म्हणून इवल्याशा केसाळ घडीत पडणारी सावली फिकीच राहते. म्हणून रंगवणारा तो फरक हाताने वाढवून देतो. हातात धरलेला पुतळा भडक वाटावा आणि टेबलावर ठेवला की बरोबर वाटावा, हे या कामाचं माप. नवशिक्यांना हे पटायला वेळ लागतो. जवळून सौम्य वाटणारं काम चार फुटांवरून चिखलाच्या गोळ्यासारखं दिसतं.

आता खरी गाठ अशी, की लांडगा लांडग्यासारखा दिसायला त्याची पाठ गडद आणि पोट फिकटच हवं. पण वरून पडणारं ऊन दाखवायला पाठ उजळ आणि पोट अंधारं हवं. दोन्ही एकाच वेळी कसं साधायचं?

चांगले रंगवणारे यातून वाट काढतात ती रंग आणि उजाळा यांना वेगवेगळं धरून. पोटाला ते पांढरा लावत नाहीत. वाळलेल्या हाडासारखा, थोडा तपकिरीकडे झुकलेला फिकट रंग घेतात आणि मांड्यांजवळ, छातीखाली तो पातळ तपकिरीने मुद्दाम मंद करतात. त्यामुळे डोळ्याला कळतं की रंग फिकट आहे, पण सावलीत आहे. पाठीला काळ्याच्या जवळचा गडद तपकिरी किंवा निळसर करडा देतात, पण तिथल्या केसांच्या फक्त टोकांवर अगदी उजळ, थंड फिकट रंगाचा स्पर्श करतात. मग ती काळी पाठ उन्हात आहे असं वाटतं. आणि दोघांमधली सीमा, बरगड्यांवरची, कधीच रेघेत ठेवत नाहीत. गडद केसांची टोकं फिकटात उतरतात, फिकट केस गडदात चढतात. इथे पिवळसर, गेरूच्या जवळचा रंग थोडा तरी लागतो. तो विसरला तर लांडग्याऐवजी जस्ताचा कुत्रा तयार होतो. बाटलीतला नुसता करडा लावून लांडगा होत नाही याचं कारण सुरुवातीच्या त्या एका केसात आहे.

केसांच्या मापाचं एक गंमतशीर गणित आहे. लांडग्याचा राठ केस साधारण दशांश मिलिमीटर किंवा त्याहून थोडा बारीक. त्याचा साठावा भाग केला तर तो रक्तातल्या तांबड्या पेशीहूनही लहान भरतो. असा केस कुठल्याही साच्यात निघणार नाही. म्हणून शिल्पकार केस कोरतच नाही. तो केसांच्या बटा कोरतो, मानेभोवती जाड, पाठीवर लांब, पायांवर आखूड, आणि प्रत्येक बटेला एक कड आणि एक खळगा देतो. रंगाचं अर्धं काम हे खळगे आणि कडाच करतात.

खळग्यांसाठी वॉश. हा अगदी पातळ, पारदर्शक, गडद रंग. तो लावला की उंचवट्यावरून ओघळतो आणि पृष्ठताणामुळे खळग्यांत जाऊन बसतो. कुठे जायचं हे त्याला सांगावं लागत नाही. पण तो वाळताना एक खोडी करतो. सपाट जागी त्याचं तळं राहिलं, तर वाळल्यावर कडेला गडद कडं उमटतं. टेबलावर सांडलेल्या चहाच्या थेंबाचं असंच होतं. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये याचं कारण उलगडलं. थेंबाची कड जागेला चिकटलेली असते आणि तिथे बाष्पीभवन सगळ्यात जोरात होतं. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई करायला आतलं पाणी सतत कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण ओढून नेतं. म्हणून रंगवणारे वॉश लावल्यावर ओलसर, स्वच्छ ब्रश हातात धरूनच बसतात. लांडग्याच्या मांडीवर, खांद्यावर, कुठेही तळं साचलं की लगेच टिपून घेतात. २०१९ साली गेम्स वर्कशॉपने कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले तेही याच तत्त्वावर. रंग भरपूर, माध्यम पारदर्शक, एका हातात कडा फिकट आणि खळगे गडद. लांडग्यासारख्या केसाळ प्राण्यावर ते विलक्षण खुलतात, गुळगुळीत ढालीवर डाग धरतात.

कडांसाठी ड्रायब्रश. जुना, राठ ब्रश फिकट रंगात बुडवायचा आणि मग जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकायचा. उरलेल्या कोरड्या रंगाने पुतळ्यावरून हलक्या हाताने, केसांच्या दिशेला आडवा असा ब्रश फिरवायचा. खळग्यांना तो शिवतच नाही. कडांवर मात्र रंगाची भुकटी बसत जाते. पहिले काही फटके व्यर्थ गेल्यासारखे वाटतात, आणि मग एकाएकी सगळी लव वर येते, बटा न् बटा वेगळ्या होतात. हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी जुना होत नाही. काही जण ड्रायब्रशला नवशिक्यांची युक्ती म्हणून नाक मुरडतात. माझ्या मते केसाळ प्राण्यावर यापेक्षा योग्य हत्यार नाही, कारण खऱ्या लांडग्याच्या लवीवरही उजेड असाच, फक्त बटांच्या माथ्यावर थबकतो.

रंग मात्र एकच का असावा? कळपातले लांडगे एकसारखे नसतात. एका खोक्यात जेमतेम दोन-तीन ठेवणींचे लांडगे येतात, त्यामुळे दहाचा जथा वेगवेगळा वाटायचा तर ती जबाबदारी रंगावर येते. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९९५ पासून परत आणून सोडलेल्या लांडग्यांच्या वंशजांत जवळपास निम्मे काळे आहेत. २००९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांमधला हा काळा रंग पाळीव कुत्र्यांशी झालेल्या संकरातून आला. माणसाने लांडग्याचा कुत्रा केला आणि कुत्र्याने लांडग्याला काळा रंग परत दिला. हे काळे लांडगे म्हातारे होत जातात तसे करडे पडतात. म्हणजे टोळीप्रमुखाचा लांडगा काळा असेल, तर त्याच्या थोबाडावर, खांद्यांवर पांढऱ्याचे चार फटकारे मारायला निसर्गाचीच परवानगी आहे. पांढऱ्या लांडग्याची गोष्ट याहून खोल जाते. २०२१ सालच्या एका जनुकीय अभ्यासानुसार आर्क्टिकच्या पांढऱ्या लांडग्यांतल्या फिकट रंगाचं जनुकरूप अशा एका नामशेष श्वानकुळातून आलं, जे वीस लाख वर्षांहूनही आधी करड्या लांडग्यांपासून वेगळं झालं होतं. स्पेस वुल्व्जच्या बर्फाळ फेनरिसवर पांढरा लांडगा उभा करणाऱ्याच्या ब्रशावर इतक्या जुन्या काळाचा रंग असतो.

व्हॅम्पायरांच्या डायर वुल्फलाही खरा पूर्वज आहे. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या डांबराच्या खड्ड्यांत चार हजारांहून अधिक खऱ्या, आता नामशेष झालेल्या डायर वुल्फचे अवशेष मिळाले. तिथल्या संग्रहालयात चारशेहून जास्त कवट्या एका भिंतीवर ओळीने मांडल्या आहेत, आणि त्यांचा रंग डांबरात मुरून गर्द तपकिरी झालेला आहे. मेलेल्या लांडग्याची उघडी पडलेली हाडं रंगवताना लोक सहसा शुभ्र पांढरा घेतात. ला ब्रेआच्या कवट्या पाहिल्या तर हात तपकिरीकडे वळेल, आणि तो रंग कितीतरी भयाण दिसतो.

आपल्याकडच्या वाचकाला यात थेट घरचा धागाही आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान, इंदापुरातली कडबनवाडी, सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य या दख्खनच्या गवताळ पट्ट्यांत भारतीय लांडगा अजून टिकून आहे. धनगरांना त्याची ओळख सगळ्यात जवळून आहे. हा लांडगा युरोपातल्या भावापेक्षा लहान, सडपातळ. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर दाट लोकरीचा आतला थर जवळजवळ नसतो, म्हणून पाय लांब आणि बरगड्या उघड दिसतात. रंग वाळलेल्या गवताचा, मातीचा, पाठीवर थोडी काळसर झाक. जनुकीय अभ्यास सांगतात, की त्याची वंशशाखा आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी आहे. आता वॉरहॅमरच्या नकाशात गॉब्लिनांचा मुलूख कोणता? बॅडलँड्स. रखरखीत, उजाड, दगडधोंड्यांचा प्रदेश. तिथे दाट आयाळीचा निळसर करडा लांडगा कशाला पळेल? माळरानाच्या रंगाचा लांडगा तिथे शोभतो. शिवाय हिरव्या कातडीच्या गॉब्लिनखाली तांबूस-पिवळा लांडगा आला, की दोघेही उठून दिसतात. करड्यावर बसलेला हिरवा गॉब्लिन मात्र जनावरात मिसळून जातो. पुण्या-सोलापुरात बसून रंगवणाऱ्याने स्कॅन्डिनेव्हियाचे फोटो समोर ठेवण्याआधी नान्नजचे ठेवावेत, असं मी आग्रहाने सांगेन.

हे सगळं ज्या हत्याराने करायचं, त्याचीही गोष्ट कमी नाही. मोठ्या भागांना साधा नायलॉनचा ब्रश चालतो. डोळा, दात, नाकपुडी यांना मात्र जाणकार कोलिन्स्कीचा ब्रश मागतात. हे केस सायबेरियन वीझलच्या शेपटीचे असतात. मुंगसासारख्या लांबट बांध्याचा हा शिकारी प्राणी हिमालयातही आढळतो. त्याचा केस मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळता असतो. असे केस एकत्र बांधले की पोटात पाणी भरपूर राहतं आणि टोक सुईसारखं जुळतं. विन्सर अँड न्यूटन कंपनीने १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी असेच ब्रश बनवले. राणीच्या आवडत्या सात नंबरावरून त्या मालिकेचं नाव ‘सीरिज सेव्हन’ पडलं, आणि आजही पुतळे रंगवणारे तीच मालिका नावाने मागतात. एका जनावराच्या केसांनी दुसऱ्या जनावराचे केस रंगवायचे असा हा व्यवहार आहे, आणि त्यात प्राण्याच्या जिवाचा प्रश्न आहेच. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश बराच काळ कलाकारांच्या हातात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज त्यांचा व्यापार गुन्हा आहे. चांगले कृत्रिम ब्रश आता टोक बऱ्यापैकी धरतात. त्यांचं टोक वाकतं लवकर, पण मी तरी तेच घ्यायला सांगेन.

राहिला डोळा. पुतळ्यावर तो अर्ध्या मिलिमीटरचा, पण सगळा लांडगा त्यावर उभा आहे. इथे निसर्गाचं वागणं एकदम बदलतं. अंगभर लपण्याचे रंग वापरणारा निसर्ग लांडग्याचा डोळा मात्र दिसावा असा रंगवतो. बुबुळ फिकट पिवळं, मधली बाहुली काळी, पापण्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या गडद आणि भोवती फिकट केस. जपानी संशोधकांनी २०१४ साली श्वानकुळातल्या वेगवेगळ्या प्राण्यांचे चेहरे तपासले. ज्यांच्या डोळ्यांचा रोख दुरून कळतो असे प्राणी, करड्या लांडग्यासारखे, बहुधा टोळीने राहणारे, टोळीने शिकार करणारे निघाले. सोबत्याची नजर कुठे आहे हे टोळीतल्या प्रत्येकाला कळायला हवं. नजरेच्या बाबतीत लांडगा लपत नाही. निसर्ग आणि रंगवणारा एवढ्या एका जागी एकाच बाजूचे आहेत.

म्हणून इथे निसर्गाचाच क्रम उचलावा. आधी डोळ्याच्या खाचेत पूर्ण गडद तपकिरी भरून घ्यायचा, कडेला थोडा बाहेर येईल इतका. तो वाळला की मधे पिवळ्याचा ठिपका, कडेला गडद रेघ उरेल असा. हे करताना दोन्ही मनगटं टेबलाला टेकवायची, ब्रश स्थिर ठेवायचा आणि पुतळा ब्रशाकडे आणायचा, म्हणजे हाताचा कंप कमी होतो. शुद्ध लिंबू-पिवळा घेऊ नये, त्यात गेरूचा अंश हवा, कारण मोठ्या लांडग्याचे डोळे मधाळ असतात. निळे असतात ते फक्त पिल्लांचे. बाहुलीचा काळा ठिपका हवाच असं नाही. चुकला तर लांडगा तिरळा होतो. टेबलापलीकडे चार फुटांवरून अर्ध्या मिलिमीटरचा पिवळा ठिपका डोळ्याच्या क्षमतेच्या अगदी काठावर असतो, पण भोवतीच्या गडद कडेमुळे तो पोचतो. बाहुली तिथपर्यंत पोचत नाही.

शेवटी वार्निश, कारण खेळताना हे लांडगे शंभरदा बोटांत धरले जाणार आणि बोटांच्या घामाने, घासण्याने कडांवरचा रंग आधी उडतो. अंगाला मॅट वार्निश द्यायचं. वाळल्यावर त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत राहतो, उजेड सगळीकडे विखुरतो आणि चकाकी येत नाही. चकाकी आली तर इतक्या कष्टाने रंगवलेल्या ऊन-सावलीवर खोलीतला दिवा पाणी फिरवतो. नाक, जीभ आणि डोळे यांना मात्र त्यानंतर ग्लॉसचा एकेक थेंब. नाकाचा आणि जिभेचा ओलेपणा रंगवून दाखवायची गरज राहत नाही. आणि डोळ्यात चमकेचा पांढरा ठिपकाही काढायला लागत नाही. टेबलावरचा दिवा स्वतःच त्या अर्ध्या मिलिमीटरवर उमटतो, आणि समोरचा खेळाडू खुर्ची सरकवून बाजूला झाला की तोही बाजूला सरकतो.